इवल्या पंज्याचा रुमाल

"आला! हात आला!"

दौलताबाद रस्त्यावरच्या पत्र्याच्या शेडात एकच कालवा उठला. ब्रदर एलियानं पांढऱ्या रुमालावर 'अभिषेकाचं केशरपाणी' शिंपडलं, रुमाल पिवळा झाला, आणि बघता बघता त्यातून रक्तासारखा लाल, इवलासा पंजा वर आला. तान्ह्या लेकराचा.

"या बेटीच्या घरातलं एक बाळ बाप्तिस्म्याविना गेलंय!" ब्रदर माइकवर गरजला. "ते रडतंय! दार वाजवतंय! हालेलुया बोला!"

मोनिका मटकन खाली बसली. सासूनं, सारजाबाईनं, तिला सावरलं. गेल्या पावसाळ्यात मोनिकाचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. ब्रदरला हे कसं कळलं? आत शिरताना पाण्याचा गिलास देणाऱ्या बाईनं "काय दुःख हाय गं ताई?" असं मायेनं विचारलं होतं, हे तेव्हा दोघींपैकी कुणालाच आठवलं नाही.

"तुला झटके येतात ना, बेटी? बाळच ओढतंय तुला. गोळ्या म्हणजे अविश्वास. गोळ्या बंद कर, दर शुक्रवारी इथं ये. शंका घेतलीस, तर बाळ कायमचं अंधारात!"

छावणीतल्या घरी रुमाल क्रूसाखाली टांगला गेला, आणि घरच बदललं. दिवेलागणीला वाऱ्यानं पत्रा वाजला की मोनिका हातातलं काम टाकून उभी राहायची.

"आत्याबाई, ऐकलं का? रडतंय."

सारजाबाईलाही ऐकू यायचं. मांजर असेल, वारा असेल. पण कान मानत नव्हते. आणि एक गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. रोज पहाटेची प्रार्थना झाली की ती त्या पंज्यावर आपलं बोट टेकवायची. जे नातवंड मांडीवर घेता आलं नाही, त्यानं जणू बोट धरलं, असं वाटायचं. भीती होती, पण त्या भीतीतही ऊब होती.

गोळ्या सुटल्या आणि मोनिकाला गॅससमोरच झटका आला. हात कोपरापर्यंत भाजला. तरी शुद्धीवर आल्या आल्या ती पुटपुटली, "गोळी नको. बाळ अंधारात जाईल."

त्या शुक्रवारी मोनिकाच्या भाजलेल्या हातामुळं शेडात जाणं झालं नाही, पण सारजाबाईनं नेमाप्रमाणे दिवसभराचा उपास केला. संध्याकाळी क्रूसासमोर उभी राहून तिनं उपास सोडायला लिंबू पिळलं. एक चिळकांडी रुमालावर उडाली. पंज्याचा अंगठा फिका पडला, पिवळा झाला आणि गेला.

"लेकराचं बोट गेलं!" ती ओरडली.

मग तशीच थबकली. जन्मभर तिनं धुण्याच्या दगडावर हळदीचे डाग साबणानं लाल होताना पाहिले होते. ते लाल लिंबानं पुन्हा पिवळं होतं, हेही तिला ठाऊक होतं. शेडात मात्र डोळे उघडे होते अन् बुद्धीवर पदर घेतलेला.

तिनं हात जोडले. "प्रभू, मी तुझी परीक्षा बघत नाय. त्याची बघते."

पुढच्या शुक्रवारी ती दोन धुतलेले रुमाल घेऊनच शेडात गेली.

"ब्रदर, आज माझ्या रुमालावर शिंपडा."

ब्रदरनं शिंपडलं. रुमाल नुसता पिवळा झाला.

"तुझ्या अविश्वासामुळं, मावशी!"

"व्हय का? मग ह्याच्यावर बघा बरं."

दुसऱ्या रुमालावर भलामोठा लाल पंजा उमटला. करंगळी वाकडी. ब्रदरच्या अंगात वारं संचारलं. "बघा! हा हिच्या मेलेल्या नवऱ्याचा हात! भटकतोय! मुक्ती मागतोय!"

सारजाबाईनं आपला उजवा हात वर केला. करंगळी वाकडी.

"हात माझा हाय, ब्रदर. अन् मी अजून जिती हाय."

कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळं शेड हसलं. ब्रदर "सैताना, दूर हो!" ओरडत राहिला, पण आवाज माइकमध्येच चिरकला.

"ऐका," ती हळूच म्हणाली. तिचं ऐकायला सगळे पुढं सरकले. "त्यांचं केशरपाणी म्हणजे अत्तर घातलेली हळद. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात हात बुडवून रुमालावर दाबायचा अन् वाळवायचा. दिसत काय नाय. हळद लागली की लाल. लहान हातासाठी बाहुली पुरते. घरी जाऊन करून बघा."

"मावशी, विश्वास सोडला व्हय?" एकानं विचारलं.

"सराफ्यात सोनं कसोटीवर घासतात, बाबा. सोनं कधी चिडत नाय. चिडतो तो पितळ विकणारा. माझा प्रभू खरा हाय. त्याला सोड्याची गरज नाय अन् माझ्या प्रश्नांचं भ्यावही नाय. गोळ्या चालू ठेवा, प्रार्थनाबी करा. पण जो म्हणतो विचारू नका, त्याला आधी विचारा."

घरी येऊन तिनं तो इवला रुमाल खाली उतरवला. मोनिका शेजारी बसली.

"म्हणजे ते रडत नव्हतं, आत्याबाई?"

"नाय गं. आपण रडत होतो."

उरलेल्या चार बोटांवर सारजाबाईनं एकेक थेंब लिंबू सोडलं. शेवटच्या बोटाशी तिचा हात अडला. दुःख खरं होतं. हात तेवढा खोटा होता. तिनं थेंब सोडला. मग उरलेल्या लिंबाचं पाणी करून मोनिकाच्या तळव्यावर गोळी ठेवली.

बाहेर पत्रा वाजला. दोघींनी वर पाहिलं.

"वारा," मोनिका म्हणाली, आणि गोळी घेतली.