दारात विचारलेला प्रश्न

सकाळचे दहा वाजले होते आणि इस्त्रीवाल्यांच्या दुकानात शर्टांचा ढीग कंबरेला लागला होता. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. गल्ल्यापाशी सासूबाई, टेबलापाशी सून, आणि टेबलाखाली सुनेची दोन वर्षांची चिमणी, पुठ्ठ्यांची घरं बांधत बसलेली. नवरा धुतलेले कपडे पोचवायला सायकलवर गेला होता.

आरोग्य केंद्राची सेविका दारात आली. गल्लीतली पोरं तिला फॉर्मवाली ताई म्हणत. आज तिच्याकडे नवा छापील फॉर्म होता. छातीत गाठ असलेल्या बायका वेळेवर सापडाव्यात म्हणून केंद्राने तो काढला होता. प्रश्न एकच, त्यापुढे दोन चौकोन: आहे, नाही. दिवसाला पन्नास घरं उरकायची होती.

दुकानात तीन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांत दोन पुरुष. सगळ्यांदेखत ताईने विचारलं, "घरात कुणा बाईला छातीत गाठबीठ?"

सुनेने मान वर केली. ती तोंड उघडणार, इतक्यात सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडे गाठी फक्त बोचक्यांना, बाई! सोडून सोडून बोटं मोडली माझी."

सगळे हसले. सूनही हसली. हसता हसता तिने इस्त्री उजव्या हातातून डाव्या हातात घेतली आणि मोकळा हात पदराखाली छातीशी नेला. ताईने ते पाहिलं. तरी तिचं पेन 'नाही'वरच टेकलं. अजून सेहेचाळीस घरं बाकी होती.

सुनेला ती गाठ लागून तेव्हा दोन महिने झाले होते. आंघोळ करताना साबणाखाली बोटाला लागली. वाटाण्याएवढी, दुखेना की खुपेना. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "मला काय कळतंय बायकांचं? आईला विचार." तिने सासूबाईंना विचारलं.

"पोर अंगावर पाजलंस, दूध साकळलं असेल. दुखतं का?"

"नाही."

"मग कशाला उकरून काढतेस? आणि बाहेर बोलू नकोस कुठे. असला रोग झालेल्या बाईच्या हातची इस्त्री कोण अंगात घालेल?"

रोग हा शब्द आपल्याच तोंडून गेला, हे सासूबाईंच्या ध्यानात आलं नाही. सुनेच्या आलं.

गाठ दुखत नाही म्हणून ती साधी असते असं नाही, हे त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. ज्या ताईला ठाऊक होतं, तिने प्रश्न विचारला आणि ती पुढच्या दाराकडे वळली.

सात महिन्यांनी दुसरी फेरी आली. ताईला लांबूनच पाहून सासूबाई ओरडल्या, "मागचंच लिहा हो! काही बदललं नाही आमचं." ताईने तेच लिहिलं. ती गल्लीच्या टोकाला पोचते न पोचते, तोच मागून चपला वाजल्या. सून धापा टाकत येत होती. खांद्यावर चादरींचं ओझं होतं, ते पोचवायचं निमित्त. एका जिन्याखाली तिने ताईचा हात धरला आणि आपल्या छातीवर ठेवला.

कापडाखाली दगड बांधावा तसं लागलं. सुनेने पदर सारून दाखवलं: कातडी आत ओढली गेली होती आणि वर बांधलेली कापडाची पट्टी ओली होती.

"अगं, मागच्या वेळीच का नाही बोललीस?"

"तुम्ही मला कुठे विचारलंत?" सून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ताईने सुनेला मोठ्या दवाखान्यात नेलं. गाठीचा तुकडा तपासणीला गेला. तपासणारे डॉक्टर एकच आणि तुकडे शेकड्यांनी, त्यामुळे रिपोर्टला पाच आठवडे लागले. या वेळी नवरा बरोबर होता, तो खिडकीतून त्याच्या हातात दिला गेला. नवऱ्याने दोनदा वाचला आणि घडी घालून खिशात टाकला.

"काय लिहिलंय?"

"काही नाही. औषधं लिहून दिलीत."

"माझ्याच अंगाचा कागद आहे ना? मला वाचता येतं." तिने हात पुढे केला. तो भिंतीकडे तोंड करून रडायला लागला, तेव्हा तिला वाचायची गरज उरली नाही. रोग हाडांत उतरला होता. डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, "आठ महिने आधी आली असतीस, तर आज आपण वेगळं बोलत असतो."

त्यानंतर ती अकरा आठवडे जगली. चिमणी सवयीने छातीवर डोकं टाकायला यायची. ती ओठ दाबून तिला दुसऱ्या कुशीला घ्यायची आणि केसांवरून हात फिरवत राहायची. शेवटी शेवटी तो हातही उचलेना. मग चिमणीच तिच्या केसांवरून हात फिरवायची.

ती गेल्यावर ताई भेटायला गेली. सासूबाई बंद दुकानात थंड इस्त्रीपुढे बसल्या होत्या. म्हणाल्या, "मी काय मुद्दाम मारलं का गं तिला?"

"नाही, मावशी," ताई म्हणाली. "तुम्ही नाही म्हणालात आणि मी खूण केली. दोघींनी मिळून झालं ते."

महिनाअखेरच्या बैठकीत केंद्राच्या साहेबांनी ताईला उभं केलं. "यांच्या भागात एकही केस नाही. शाब्बास!"

"एक होती, साहेब. ती मेली."

"पण फॉर्मवर 'नाही' आहे ना? त्यांनीच सांगितलं, तुम्ही लिहिलं. तुमची काय चूक?"

"त्यांनी नाही, साहेब. त्यांच्या सासूने."

"एकच घर ना ते!"

"घर एकच. छाती तिची होती."

कुणीतरी खोकलं. साहेबांनी सहीसाठी 'एकही केस नाही' असा अहवालाचा कागद पुढे सरकवला. ताईने सही केली नाही. घरी जाऊन तिने पट्टी घेतली आणि नव्या गठ्ठ्यातल्या प्रत्येक फॉर्मवर एक रकाना आखला: उत्तर कोणी दिले. साहेब चिडले. छापील फॉर्मवर रेघोट्या मारायच्या नसतात म्हणाले. ती म्हणाली, "मग छापून द्या."

तिसऱ्या फेरीचं पहिलं दार एका धिप्पाड माणसाने उघडलं. दाताखाली ब्रश तसाच होता. प्रश्न ऐकून तो म्हणाला, "आमच्याकडे सगळं ठणठणीत. लिहा नाही."

ताईने लिहिलं. मग शेजारच्या रकान्यात सावकाश लिहिलं: नवऱ्याने.

त्याने मान वाकडी करून वाचलं. "हे कशाला?"

"उद्या काही निघालं, तर कुणाच्या शब्दावर लिहिलं ते कळावं म्हणून."

तो कागदाकडे बघत राहिला. दारावरचा हात खाली आला. मग आत वळून त्याने हाक मारली, "अगं ए, जरा बाहेर ये."

"बाहेर नको," ताई म्हणाली. तिने चपला काढल्या. "मीच आत जाते. तुम्ही इथेच थांबा."