एकेचाळीस दिवसांचे प्रतिनिधी

माझे सासरे, आमचे बाबा, एकेचाळीस दिवस लोकप्रतिनिधी होते आणि गेली चाळीस वर्षं ते दिवस आम्हाला ऐकवत आले आहेत. लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला ते सगळे दिवस तोंडपाठ झाले. धंद्याने ते प्लंबर. सभागृहात त्यांनी एकही भाषण केलं नाही, कारण यादीत त्यांचा नंबर यायच्या आत सभागृहच बरखास्त झालं. पण सभागृहाच्या मागच्या स्वच्छतागृहातला गळका नळ मात्र त्यांनी कोट काढून, बाह्या सारून, स्वतः दुरुस्त केला. अजून गळत नाही म्हणे. बघायला कोण गेलंय!

आमचा मतदारसंघही त्यांच्यासारखाच गमतीशीर. सत्तर वर्षांत पाच वेळा त्याची हद्द बदलली. पहिल्या नकाशात तो गुबगुबीत उशीसारखा होता. मग स्टेशनकडचा भाग गेला, टेकडीवरच्या वसाहती आल्या, कारखान्यांची रांग एकदा आली आणि एकदा गेली, आणि पाचव्या फेररचनेनंतर तो वाळत घातलेल्या पायमोज्यासारखा दिसू लागला. प्रतिनिधीही तसेच. पहिले एक डॉक्टर, ते तक्रार ऐकताना सवयीने समोरच्याची नाडी धरायचे. नंतरचे एक कंत्राटदार तीन वेळा निवडून आले आणि सभागृहात दोनदाच बोलले, दोन्ही वेळा खिडकी लावायला सांगण्यासाठी. हे सगळं मला ठाऊक, कारण मी हद्दीच्या कचेरीत नकाशा विभागात आहे. लोकांच्या सुनांना सासरची भांडणं माहीत असतात, मला सासरच्या सीमा माहीत आहेत.

तर या वर्षी सहावी फेररचना निघाली आणि आमचा मतदारसंघच संपला. त्याचे चार तुकडे चार शेजाऱ्यांना. जाता जाता त्याची आठवण राहावी म्हणून कचेरीच्या दालनात आजवरच्या सगळ्या प्रतिनिधींच्या नावांचा फलक लावायचं ठरलं. यादी वर्तमानपत्रात आली. बाबांनी ती तीनदा वाचली आणि घर डोक्यावर घेतलं. त्यांचं नाव नव्हतं.

कारण अगदी सरकारी होतं. बाबा निवडून आले ते चौथ्या फेररचनेनंतर लगेच. तेव्हा मतदारसंघांचे क्रमांक नुकतेच बदलले होते, आणि बाबांची फाइल जुन्या क्रमांकामागे जाऊन शेजारच्या कचेरीत पडली. आम्ही विचारलं तर ते म्हणाले, तुमचे. आमचे म्हणाले, त्यांचे. शेवटी आमचे साहेब वैतागून म्हणाले, "ज्या भागातून निवडून आले तो भाग याच मतदारसंघाचा होता असा नकाशा विभागाचा दाखला आणा. शुक्रवारी यादी पेंटरकडे जाणार. त्यानंतर काही होणार नाही."

नकाशा विभाग म्हणजे मी आणि दोन कपाटं. मीच मला अर्ज केला, मीच तो स्वीकारला, आणि बुधवारी सकाळी खालून दिवा लागणाऱ्या काचेच्या टेबलावर जुने नकाशे पसरले.

अकरा वाजेपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग गिरणी रस्ता आला. हद्दीच्या हुकमात लिहिलं होतं, 'पूर्वेकडे गिरणी रस्त्याच्या मध्यापर्यंत.' हुकूम निघाला तेव्हा गिरणी रस्ता एकच होता. निवडणुकीच्या आधी नवा गिरणी रस्ता झाला, थोडा आणखी पूर्वेला, आणि मतदारयादी करणाऱ्या कारकुनाने हद्द त्या नव्या रस्त्याला नेऊन टेकवली. दोन रस्त्यांच्या मध्ये एकच गल्ली होती, चौदा घरांची. ती आमची नव्हतीच. तरी तिचं मतदान आमच्याकडे झालं होतं.

केंद्रवार आकडे बाजूच्याच फाइलमध्ये होते, आणि त्या गल्लीपुरतं वेगळं केंद्र होतं. त्या गल्लीने बाबांना एकतीस मतं दिली होती आणि विरोधी उमेदवाराला पाच. बाबा निवडून आले होते अकरा मतांनी. मी वजाबाकी केली, मग पुन्हा केली. गल्ली काढली की बाबा पंधरा मतांनी पडत होते.

दाखल्यात कोणी मतं मोजणार नव्हतं. जाड निबाने रेघ ओढली असती तर अख्खी गल्ली शाईखाली गेली असती. जेवणाच्या सुट्टीभर मी त्या निबाकडे बघत बसले, खोटं कशाला सांगू. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला एवढी एकच हौस, आणि ती माझ्या हातात. पण मी बारा वर्षं रेघा ओढतेय. रेघ चुकवायला हात तयार होईना, आणि त्या हाताचा मला रागच आला.

संध्याकाळी घरी गेले तर बाबा आणि बाई बुद्धिबळ खेळत होते. बाई म्हणजे समोरच्या घरातल्या भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका, आणि त्या निवडणुकीतल्या विरोधी उमेदवार. अकरा मतांनी हरल्या त्या याच. दोघं रोज खेळतात आणि रोज भांडतात. बाई जातील म्हणून मी थांबले. चहा झाला, दुसरा डाव झाला, बाई हलेनात. शेवटी मी पटापटा सांगून टाकलं. दोन रस्ते, गल्ली, एकतीस, पाच, पंधरा.

बाबांच्या हातातला उंट हातातच राहिला.

"म्हणजे मी निवडून आलोच नव्हतो?"

"कागदावर आलात, बाबा. पण..."

"पण नाही. सूनबाई, दाखला नको. तो फलक यांचा आहे." ते बाईंकडे वळले. बाबांचा चेहरा मला बघवेना. "बाई, माझ्याकडून मोठा अन्याय झाला हो तुमच्यावर. चाळीस वर्षं मी तुम्हाला अकरा मतांवरून चिडवतोय."

बाई पटाकडेच बघत होत्या. "तुमचा वजीर मरतोय, तिकडे लक्ष द्या," त्या म्हणाल्या. "आणि मी भूगोल शिकवायचे. दोन रस्ते मला दिसणार नाहीत होय?"

"तुम्हाला माहीत होतं?" आम्ही दोघं एकदमच ओरडलो.

"निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून. दोन महिने मुदत असते हरकतीला. अर्ज लिहिला, घडी केली, पर्समध्ये टाकला आणि निघाले कचेरीत. वाटेत ती गल्ली लागली. बघते तर काय, आपले नवे प्रतिनिधी कोट कुंपणावर टाकून कमरेएवढ्या चरात उतरलेले. पाइप जोडतायत. आणि गल्लीतल्या बायका रिकाम्या बादल्या घेऊन वर उभ्या."

"त्यांना नळच नव्हता," बाबा माझ्याकडे वळून सांगू लागले. "कोणाकडे गेल्या तरी तो म्हणायचा, तुमची गल्ली माझ्या हद्दीत नाही, पलीकडच्याला विचारा. पलीकडचाही तेच सांगायचा. टोलवाटोलवी नुसती."

"खरं तर तुमच्याही हद्दीत नव्हती," बाई म्हणाल्या. "पण तुम्हाला ते कळलं नाही, हे त्या बायकांचं नशीब. मी हरकत घेतली असती तर काम तिथंच थांबलं असतं, आणि निकाल लागेपर्यंत चर उघडा. म्हटलं, पाणी तर येऊ दे, मग बघू. एकोणचाळिसाव्या दिवशी पाणी आलं. एकेचाळिसाव्या दिवशी सभागृहच गेलं. मग अर्जाचं काय करणार? मागच्या बाजूला वाणसामान लिहिलं."

एवढी वर्षं या बाई आमच्याकडे चहा पिऊन, हरण्यावरून टोमणे खाऊन जात होत्या, आणि एकदाही तोंडातून चकार शब्द नाही! मला त्यांचा अभिमान वाटला आणि संतापही आला.

"तू नकाशा खरा काढ," त्या मला म्हणाल्या. "गल्ली बाहेर दाखव, खाली टीप लिही, माझं नाव साक्षीला घाल. आणि फलकावर नाव यांचंच जाईल. यांनी काम केलंय. मी फक्त अर्ज लिहिला होता."

"मी नाही लावून घेणार," बाबा म्हणाले.

"मग तुमच्याशी खेळायला मी उद्यापासून येणार नाही."

बाबांनी हातातला उंट पटावर ठेवला. त्यांच्याशी खेळणारं दुसरं कोणी नाही, कारण ते चाली परत घेतात.

गुरुवारी मी बारीक निबाने नकाशा काढला. गल्ली बाहेर ठेवली, टीप लिहिली. साहेबांनी टीप वाचली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचली. "मुदतीत हरकत आली नव्हती ना? मग निकाल कायम," असं म्हणून त्यांनी सही केली. टीप मात्र त्यांनी फाइलच्या सर्वांत वर लावून घेतली. म्हणाले, "पुढच्यांना कळू दे."

फलक लागला त्या दिवशी आम्ही तिघं गेलो. बाबांचं नाव सातवं. पेंटरने अक्षर सुरेख काढलं होतं. बाबा हात मागे बांधून कितीतरी वेळ ते वाचत उभे राहिले. मला वाटलं, आता चाळीस वर्षं तुंबलेलं भाषण होणार, आणि मी खुर्ची शोधू लागले.

"झालं का समाधान?" बाईंनी विचारलं.

"एक दुरुस्ती राहिली," बाबा म्हणाले. "आजपर्यंत मी जगाला सांगत आलो, अकरा मतांनी निवडून आलो म्हणून. चुकीचं सांगत होतो. एकाच मताने आलो मी, बाई. तुमच्या."