लेकीच्या गावातली पेठ

कोपनहेगनला गेल्यावर कुठल्या पेठेत उतरायचं, यावर आमच्या घरात अख्खा फेब्रुवारी गेला. दोन हजार बावीसचं साल. दोह्यात वर्ल्ड कपची घाई चाललेली. समुद्रकाठच्या कॉर्निश रस्त्यावरचं मोठं घड्याळ उरलेले दिवस उलटे मोजत होतं, आणि ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या गल्लीतला रस्ता तिसऱ्यांदा खणला होता. आमचे हे, देवीदास, एका स्टेडियमच्या थंड हवेच्या कामावर इंजिनिअर. त्यांना जूनमधले दहा दिवस सुट्टी मिळाली, त्यानंतर डिसेंबरपर्यंत सुट्टीचं नाव काढायचं नाही, असं साहेबांनी बजावलं होतं. त्या दहा दिवसांत आम्हाला लेकीकडे जायचं होतं.

लेकीकडे, पण लेकीच्या घरी नाही.

नुपूरचं लग्न होऊन सव्वा वर्ष झालं होतं. करोनाच्या दिवसांत नाशिकला पन्नास माणसांत अक्षता पडल्या आणि ती कैवल्यबरोबर त्याच्या नोकरीच्या गावी गेली. तिचं घर आम्ही पाहिलं ते फोनवर: खिडकीतली कुंडी, ओट्यावरचा कुकर, पाहुण्यांची म्हणून ठेवलेली एक छोटी खोली. खोली दाखवताना ती मुद्दाम पलंगावर बसून उड्या मारायची.

पण ह्यांनी ठरवलेलं. लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्न खाऊ नये, पाणी पिऊ नये, मुक्काम तर लांबच. एकदा लेक देऊन टाकली, मग त्या घरचं घेऊ नये. तसे हे काही सोवळे नव्हेत. एकादशीला आम्लेट खातात, पंचांग कुठल्या कपाटात आहे ते त्यांना ठाऊक नाही. पण एवढी एक गोष्ट त्यांनी धरून ठेवली होती, आणि त्याला कारण माझे वडील, तात्या. तात्यांचं नाव निघालं की हे खुर्चीत सरळ बसत. असा तत्त्वाचा माणूस पुन्हा पाहिला नाही, म्हणत. मी भाजी निवडत ऐकत असे.

तर ह्यांनी लॅपटॉपवर तक्ता मांडला. कोपनहेगनच्या पेठा एकीखाली एक, आणि समोर प्रत्येकीपासून नुपूरच्या दारापर्यंत चालत किती मिनिटं. न्यूहाउनला पाण्याकाठी रंगीत घरं, पण गजबज फार. वेस्टरब्रो स्टेशनाजवळ, पण तिथून नुपूरकडे जायला बस लागणार. फ्रेडरिक्सबर्ग झाडीचं, शांत. ह्यांना आवडलं, मग लांब पडतं म्हणून खोडलं. शेवटी ह्यांचं मन नॉरेब्रोवर बसलं. नुपूरच्या ओस्टरब्रोला लागूनच ती पेठ, दुकानांवर अरबी पाट्या, आणि तिथल्या एका बागेत म्हणे देशोदेशीच्या वस्तू मांडल्यात, त्यात कतारहून नेलेली निऑनची पाटीसुद्धा आहे.

"खुबूस मिळेल बघ तिथे," इथल्या अरबी रोटीच्या ओढीने हे खुशीत म्हणाले.

"तीस वर्षं इथे खुबूस खाल्ला. तो खायला तिकडे जायचं होय?" मी म्हटलं.

नुपूरला फोनवर तक्ता दाखवला तेव्हा ती आधी हसली. तिला मराठी सगळं कळतं, बोलताना इंग्रजीत घसरते. "बाबा, दिस इज सो वियर्ड," ती म्हणाली. "माझ्या घरापासून नऊ मिनिटांवर राहणार, आणि माझ्याकडे पाणीपण नाही पिणार? मी कैवल्यला काय सांगू? व्हॉट डिड आय डू?"

ह्यांनी तिला आजोबांची गोष्ट सांगितली. ती तिने लहानपणापासून शंभरदा ऐकली होती.

फोन ठेवल्यावर मी गॅलरीत गेले. माझी आई डाळ भरडताना गायची त्यातली एक ओवी अशा वेळी माझ्या ओठांवर येते:

लेकीच्या गावा गेले, बसले गं पारावरी
जीव गेला पुढं पुढं, तिच्या घराच्या दारावरी

पारावर बसलेलीचं दुःख आईने गायलं. आत, दारामागे उभी असलेलीचं कुणी गायलं नाही. ते मला ठाऊक होतं.

चौऱ्याण्णवला मी लग्न होऊन दोह्यात आले तेव्हा ह्यांनी माझ्यासाठी अशाच तीन जागा पाहून ठेवल्या होत्या. मी ओल्ड एअरपोर्ट म्हटलं, कारण विमानं इतकी खालून जात की फळीवरची लोणच्याची बरणी किणकिणायची. यातलं एक तरी मुंबईला जात असेल, एवढाच माझा हिशेब. शेजारच्या ताहेरुन्निसाबी हैदराबादच्या. त्या वाटीभर खट्टी दाल द्यायच्या, मी वाटीभर आमटी. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसे. रस्ता संपला की वाळू आणि वाळूपलीकडे समुद्र. आता समुद्र दिसायला गाडी काढावी लागते.

दुसऱ्या वर्षी तात्या आले. शाळेतून निवृत्त झालेले, धोतर, कोट, हातात फिरकीचा तांब्या. माझा पहिला संसार बघायला पंधरा दिवसांसाठी समुद्र ओलांडून आलेले. पण उतरले कुठे, तर दोह्याबाहेरच्या उम्म सलाल मोहम्मदला, धोंडीरामच्या खोलीत. धोंडीराम आमच्या चांदवडकडचा, तात्यांचा जुना विद्यार्थी. तिथल्या एका मळ्यावर तो ड्रायव्हर होता. पहाटे भाजी घेऊन बाजारात यायचा, तिथून तात्यांना माझ्या दाराशी सोडायचा, संध्याकाळी न्यायचा.

तात्या दिवसभर माझ्या घरात बसत. मी स्वयंपाक करी, ते कोडं सोडवत, गावच्या गोष्टी सांगत. जेवायची वेळ झाली की कोपऱ्यात तोंड वळवून तांब्याची फिरकी उघडत आणि आपलं पाणी पीत. मी पहिल्या दिवशी ताट वाढलं. त्यांनी ताटाला नमस्कार केला आणि म्हणाले, नातवंड होऊ दे, मग तुझ्या हातचं पोटभर. मग मी ताट वाढणं सोडलं, पण रांधणं सोडलं नाही. भरलं वांगं, शेंगदाण्याचा झिरका, ज्वारीचं पीठ मिळालं की भाकरी. धोंडीराम एवढ्या लांबून यायचा, त्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, म्हणून रोजचा डबा त्याच्या हाती जाई. चौथ्या दिवशी तो म्हणाला, ताई, दोन भाकरी जास्त घाला. मी त्याला म्हटलं, पोट आहे का रांजण? तो मान खाली घालून हसला.

पुढच्या वर्षी मला पाचवा महिना असताना तात्या गेले. नातवंड यायला चार महिने कमी पडले. ह्यांच्या लेखी ती तत्त्वाची गोष्ट. माझ्या लेखी, माझा बाप माझ्या हातचा घास न खाता गेला. सव्वीस वर्षं मी हे ह्यांना बोलले नव्हते. ज्या गोष्टीने नवऱ्याला माझ्या बापाचा अभिमान वाटतो, तिच्यावर कसं बोट ठेवायचं?

रविवारी व्हिसाची वेळ होती. अर्जात लिहायचं होतं: राहणार कुठे. हॉटेलचं बुकिंग, नाहीतर तिथल्या माणसाचं आमंत्रण. नुपूरने आमंत्रणाचा कागद न विचारता पाठवून दिला होता. तो ह्यांच्या मेलमध्ये तसाच पडून होता. शुक्रवारी सकाळी हे नॉरेब्रोतल्या दोन हॉटेलांपैकी एक नक्की करायला बसले, आणि दारावर धोंडीराम आला.

तो निरोप घ्यायला आला होता. मळा सुटून त्याला वीस वर्षं झाली होती. आता तो दोह्याजवळच्या मुऐदरला आठ जणांच्या खोलीत राहायचा, स्टेडियमच्या कामावर टँकर चालवायचा. त्याचं काम संपलं होतं. पुढच्या आठवड्यात कायमचा गावी. केस पांढरे झालेले, गुडघा धरून बसला. मी चहा ठेवला. टेबलावर पसरलेला कोपनहेगनचा नकाशा पाहून त्याने विचारलं, हे काय. ह्यांनी सगळं सांगितलं, अगदी मिनिटांसकट, आणि शेवटी म्हणाले, "आपल्या गुरुजींनी केलं तसंच करायचं, धोंडीराम. तू तर डोळ्यांनी पाहिलंयस."

धोंडीराम बशीत चहा ओतत होता, तो थांबला. कपही खाली ठेवला.

"गुरुजींनी मला सांगितलं व्हतं, शशीला कळू दिऊ नको," तो माझ्याकडे बघून म्हणाला. "पर आता मी चाललो. पुन्हा काय यायचा न्हाई."

मी आमटीखालचा गॅस बंद केला.

मग त्याने सांगितलं. पहिल्या रात्री खोलीवर गेल्यावर त्याने डबा उघडला, तर तात्या उठून बाहेर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी दारातूनच विचारलं, धोंड्या, काय दिलंय? वांगं म्हटल्यावर, मीठ बरोबर आहे का? त्याने बरोबर आहे म्हटलं. भाकरीला पापुद्रा सुटलाय का? सुटलाय. तिसऱ्या दिवशी ते आत आले, त्याच्या समोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, हा डबा कुणाचा? धोंडीराम म्हणाला, ताईंचा. तात्यांनी मान हलवली. तिने तुला दिला ना, मग तुझा झाला. आता तू मला तुझ्यातला वाढ.

"आन् मंग रोज," धोंडीराम म्हणाला. "रोज जेवले, ताई. शेवटच्या दिशी डब्याला भाकर फिरवून पुसून घेतला. म्हनले, लेक आईसारखंच करती, तिखट जरा जास्ती. म्हून तर मी दोन भाकरी वाढवून मागितल्या. तुमी रांजण म्हनला मला."

मी ओट्याला टेकून उभी होते. रडू आलं नाही. आधी मला हसू आलं: दारातून मीठ विचारणारे तात्या दिसले, शाळेत गृहपाठ तपासावा तसे. मग वाटलं, कळलं असतं तर मी तिखट कमी घातलं असतं. मग मात्र पदर डोळ्यांना लावावा लागला. धोंडीराम घाबरला. चुकलं का ताई, असं दोनदा म्हणाला. मी त्याला जेवूनच जायचं म्हटलं आणि पीठ काढलं.

धोंडीराम जेवून गेला. जाताना मी त्याच्या बायकोसाठी, अंजनासाठी, साडी दिली. तो जिना उतरेपर्यंत हे दारातच उभे होते. आत आले ते लॅपटॉपपाशी न जाता माझ्याजवळ येऊन बसले. इतकी वर्षं मी का बोलले नाही, असं त्यांनी विचारलं. मी विचारलं, तुम्ही ऐकलं असतं? नसतं, असं त्यांनी खरं सांगितलं. मग म्हणाले, म्हणजे गुरुजींनीसुद्धा नियम मोडला नाही, वळसा घातला. आपणही काही वळसा काढू. नॉरेब्रोला राहू, जेवायला म्हणून...

तेव्हा मी ह्यांच्याकडे वळून बसले.

"वळसा घालायला तात्यांकडे धोंडीराम होता. तिकडे आपल्याला डबा कोण आणून देणार?" मी म्हटलं. "आणि दारामागे आपली पोर उभी राहील ती वेगळीच. मी राहिलेय तिथे उभी. तुम्हाला ज्या पेठेत उतरायचं तिथे उतरा. मी माझ्या लेकीच्या घरी जाणार, तिच्या हातचं खाणार, बिघडलं असेल तरी खाणार."

अठ्ठावीस वर्षांत मी ह्यांच्याशी असं बोलले नव्हते. एरवी हे असं ऐकून घेत नाहीत. आज चष्मा काढून पुसत बसले. बाहेर खणलेल्या रस्त्यावर मशीन धडधडत होतं. ते थांबल्यावर ह्यांनी विचारलं, "तिला वाईट वाटलं असेल का गं? मी फोनवर बोललो तेव्हा?"

"आपल्यालाच विचारत होती ना, माझं काय चुकलं म्हणून."

ह्यांनी मेल उघडला. आमंत्रणाचा कागद छापून घेतला आणि अर्जातल्या रकान्यात नुपूरचा पत्ता स्वतःच्या अक्षरात लिहिला, एकेक अक्षर तपासत. ओस्टरब्रोच्या त्या स्पेलिंगमधला तिरकी रेघ मारलेला 'ओ' दोनदा गिरवला. पुढे 'यजमानाशी नातं' असा रकाना होता. तिथे त्यांनी पेन माझ्या हातात दिलं.

संध्याकाळी नुपूरला फोन मीच केला. हे शेजारी बसून होते, पण बोलायला मला पुढे केलं. आम्ही तुझ्याकडेच उतरतोय, म्हटलं. ती एकदम कामाचं बोलू लागली: उशी एक पुरेल का दोन, बाबांना गादी कडक लागते ना, कैवल्यला वांगं आवडत नाही पण ती करणार. मग म्हणाली, "आई, इकडे जूनमध्ये रात्री टेन ओ'क्लॉकलासुद्धा उजेड असतो. खोलीला जाड पडदा लावून घेऊ? तुम्हाला झोप नाही येणार."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली.

"नको," मी म्हटलं. "उजेड असू दे. आम्ही काय झोपायला येतोय?"