हिवराळेसाहेबांचा फेटा

जुईनगरच्या रावसाहेबांनी आपल्या लाडक्या हिवराळेसाहेबांना कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांच्या आवाजावरून ते जीव ओवाळून टाकत. शेजारच्या करीमभाईंनी कुवेतहून आणलेला वॉकमन त्यांना दिला होता आणि सोबत घरीच भरलेली एक कॅसेट. तिच्यावर नुसतं ‘हिवराळे’ लिहिलेलं. नवे सेल घेणं रावसाहेबांच्या तत्त्वात बसत नसे. जुनेच सेल ते गच्चीवर बायकोच्या, वेणूबाईंच्या पापडांशेजारी उन्हात तापवत आणि पुन्हा घालत. मग त्या रेंगाळणाऱ्या टेपमधून असा जाड, संथ आवाज निघे की रावसाहेबांचे डोळेच भरून येत.

“ह्याला म्हणतात मर्दाचं दुःख!”

वेणूबाईंनी एकदा कानाला लावून पाहिलं. “म्हस अडलीय,” त्या म्हणाल्या.

एक दिवस बेलापूरला फलक लागला, ‘हिवराळे आणि पार्टी’. रावसाहेब साहेबांसाठी गुलाबी फेटा घेऊन पहिल्या रांगेत जाऊन बसले. पडदा उघडला आणि नऊवारीतली एक बाई खणखणीत, चपळ आवाजात गाऊ लागली. रावसाहेब शेवटपर्यंत वाट बघत राहिले. साहेब काही आले नाहीत.

फेटा बगलेत मारून ते तणतणत घरी परतले. “शुद्ध फसवणूक! सोता घरी बसले आन् बायकोला पाठवलं!”

वेणूबाईंनी वॉकमन पुढे केला. दुपारीच त्यांनी हौसेनं नवे सेल आणून घातले होते. रावसाहेबांनी डोळे मिटून बटण दाबलं आणि ताडकन उभे राहिले.

“अगं, हिनं तर साहेबांना कॅसेटमधूनबी हाकललं!”