बरणीतला काळा दगड

मित्रांनो, लोणच्याच्या दुकानातल्या मोठ्या बरणीत कधी डोकावलात, तर खाऱ्या पाण्यात बुडालेल्या काकड्यांच्या डोक्यावर एक काळा, गोल दगड बसलेला दिसेल. तो जुना दगड म्हणजे मी. काकड्या वर तरंगल्या की नासतात, म्हणून त्यांना पाण्याखाली दाबून ठेवायचं हे माझं काम. काम सोपं दिसतं, पण पाण्यात बसून जागचं न हलणं तुम्हाला जमतंय का ते एकदा बघाच.

माझं वय विचारू नका. माणूस नावाचा प्राणी जन्मला नव्हता तेव्हाही मी म्हातारा होतो. माझं आजोळ मात्र सांगतो, ते आहे तुमच्या पायाखाली, खूप खोल. पृथ्वीच्या अगदी आत गाभा आहे. त्याचा मधला भाग घट्ट आणि भोवती वितळलेलं लोखंड. गाभ्याच्या वर प्रावरण, म्हणजे तापलेल्या खडकाचा जाडजूड थर. तो घट्टच असतो, पण फार सावकाश, आळसावल्यासारखा सरकतो. आणि सगळ्यात वर भूकवच, त्या मानाने काकडीच्या सालीइतकं पातळ. तुम्ही ज्याच्यावर उड्या मारता ती ही साल.

ही साल अखंड नाही बरं का. ती आणि तिच्या खालचा प्रावरणाचा कडक थर यांचे मिळून मोठमोठे तुकडे पडलेत, त्यांना भूपट्ट म्हणतात. तुमची नखं वाढतात साधारण त्याच वेगाने ते सरकतात. कुठे एकमेकांवर आदळतात, कुठे अंग घासत जातात, कुठे दूर होतात. असेच दोन भूपट्ट एकमेकांपासून फारकत घेत होते तेव्हाची गोष्ट. वरचा भार हलका झाला, खालचं प्रावरण वर आलं, त्यातलं थोडं वितळलं, आणि त्या शिलारसाबरोबर मी फटीतून बाहेर पडलो. बाहेरची हवा लागताच थिजलो. असा मी अग्निजन्य खडक, बेसॉल्ट. नाव भारदस्त आहे, मला आवडतं.

पुढे उन्हापावसाने कडा फुटला आणि मी नदीत पडलो. नदीने मला इतकं लोळवलं की अंगाचा एक कोपरा शिल्लक राहिला नाही. माझी झिजलेली भुकटी गाळ होऊन समुद्राकडे निघून गेली. तेव्हा वाईट वाटलं, पण त्यामुळेच मी गुळगुळीत झालो आणि एका तरण्याताठ्या लोणचेवाल्याच्या नजरेत भरलो. त्याने मला उचललं, तळहातावर तोललं आणि खिशात न मावल्यामुळे टोपीत घालून घरी आणलं.

तो लोणचेवाला आता आजोबा झालाय. आयुष्यभर आम्ही दोघांनी मिळून दुकान चालवलं. गिऱ्हाइकाने काकडीची तारीफ केली की तो माझ्याकडे बोट दाखवायचा, "आमचे भागीदार आत बसलेत, त्यांना सांगा." मी वरून काही दाखवायचो नाही, पण आतून फुलून जायचो.

मग आजोबांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. एके सकाळी त्यांनी सुनेला समोर बसवलं. सगळी गल्ली तिला वहिनी म्हणते, म्हणून मीही तेच म्हणतो. आजोबा म्हणाले, "सूनबाई, या खेपेची बरणी तुझी. मी हात लावणार नाही. जमली तर दुकानाची किल्ली तुझ्या हातात. नाही जमली तर कुलूप लावू या. नासलेली काकडी विकून नाव घालवायचं नाही मला."

वहिनीला ते दुकान जिवापाड हवं होतं. कितीतरी वर्षं ती मागे बसून नुसती भांडी विसळत होती आणि सगळं बघत होती. तिने बरणी घासून लख्ख केली, काकड्या निवडल्या, मीठ मोजलं. आणि मग माझ्याकडे बघून नाक मुरडलं. "बाबा, हा दगड काळाकुट्ट आहे. गिऱ्हाइकाला वाटेल बरणीत कोळसाच घातलाय."

शेजारी लाद्या कापणारा कारागीर होता. त्याने उरलेल्या लादीतून एक पांढराशुभ्र, गोल तुकडा कापून दिला. आजोबा शब्दाला पक्के होते, ते मध्ये पडले नाहीत. मला मात्र मागच्या दाराला लावलं. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून, मित्रांनो. आयुष्यभर भागीदार होतो, आणि आता दारापाशी येणारं-जाणारं मला पायाने सरकवत होतं. भरीत भर म्हणजे मांजराने माझ्यावर बसून अंग चाटायला सुरुवात केली.

त्याआधी आम्हा दोघा दगडांना धुऊन एका फळीवर वाळत ठेवलं होतं, तेव्हा त्या पांढऱ्याशी गप्पा झाल्या होत्या. स्वभावाने गोड होता बिचारा. म्हणाला, "काका, मी मुळात समुद्रातला. शिंपले आणि कवचवाले बारके जीव मेले, तळाशी साचले, एकावर एक थर दबले आणि त्यांचा चुनखडक झाला. तो स्तरित खडक. मग दोन भूपट्ट आदळले. मी खोल गाडला गेलो, वरून दाब, खालून धग. वितळलो नाही, पण अंगातला कण अन् कण बदलला आणि संगमरवर झालो. रूपांतरित खडक म्हणतात मला." मी म्हणालो, "म्हणजे तू शिंपल्यांच्या घराण्यातला, आणि चाललास आंबट पाण्यात बसायला?" त्याला काही कळलं नाही. मला पुढचं सगळं दिसत होतं, पण दगडाला माणसाशी बोलायची सोय नाही.

थोड्या दिवसांत बरणीत बुडबुडे आले. खाऱ्या पाण्यात काकड्या आंबू लागल्या की बुडबुडे येतातच, लोणचेवाले त्यांची वाटच बघत असतात. वहिनी हरखली. पुढे ते थांबायला हवे होते, पण थांबेचनात. वहिनीला वाटलं, आपली बरणी फारच जोमात आहे. ती शेजारणीला बोलावून बुडबुडे दाखवायची. मी दारातून बघत होतो आणि माझा जीव टांगणीला लागला होता. काकड्या आंबून जो आंबटपणा तयार होत होता, तो सगळा तो पांढरा गट्ट करत होता.

मग वहिनीने चव बघितली आणि तिचा चेहरा उतरला. काकडी नुसती खारट. आंबटाचा पत्ता नाही. तिने मीठ आठवून पाहिलं, पाणी आठवून पाहिलं, काकड्यांना नावं ठेवली, शेवटी स्वतःला ठेवली. आजोबा दुसऱ्या दिवशी चव घेणार होते. ती स्टुलावर बसली आणि पदराने डोळे टिपू लागली.

तिची लेक सातवीत आहे. मोठमोठ्याने घोकल्याशिवाय तिच्या डोक्यात काही शिरत नाही, म्हणून घरात सगळे तिला घोकू म्हणतात. मागच्या दारात, माझ्या शेजारी फतकल मारून तिचा खडकांचा धडा चालला होता. "चुनखडक आणि संगमरवर यांच्यावर आम्ल टाकल्यास बुडबुडे येतात. बेसॉल्टवर येत नाहीत. चुनखडक आणि संगमरवर यांच्यावर..."

"घोकू," वहिनी आतून म्हणाली, "काय म्हणालीस? परत म्हण."

घोकूने परत म्हटलं. वहिनी उठली. बाही वर करून तिने बरणीत हात घातला आणि पांढरा दगड बाहेर काढला. आरशासारखी गुळगुळीत लादी आता खरखरीत झाली होती. तिने त्याच्यावर लिंबू पिळलं. तो फसफसला. मग मांजराला हुसकून मला उचललं आणि माझ्यावर पिळलं. मी ढिम्म.

"आई, हा बेसॉल्ट," घोकू म्हणाली. "आमच्या पुस्तकात याचा फोटो आहे, पण हा जास्त छान दिसतो." या मुलीला पहिल्या नंबराने पास करा, अशी माझी शिक्षकांना विनंती आहे.

वहिनी थेट आजोबांकडे गेली. "बाबा, माझा घोळ झाला. दगडाने आंबटपणा खाल्ला. मला आणखी थोडे दिवस द्या, नाहीतर आत्ताच कुलूप लावा."

आजोबांनी विचार केला. "घोळ कुठे झाला ते सापडलं ना तुला? मग दिले दिवस."

काकड्या त्याच ठेवून तिने पाणी बदललं, मागच्या खेपेच्या चांगल्या बरणीतलं थोडं आंबट पाणी त्यात ओतलं, मला घासूनपुसून स्वच्छ केलं आणि दोन्ही हातांनी हळूच आत ठेवलं. त्या गार पाण्यात मला घरी आल्यासारखं वाटलं. बुडबुडे आले, पुरेसे आले आणि वेळेवर थांबले.

चव घ्यायच्या दिवशी आजोबांनी काकडीचा तुकडा मोडला. कडकन आवाज झाला. ते चावत राहिले. आजोबांनी दुसरा तुकडा घेतला. मग म्हणाले, "आंबट तर आहेच. पण इतकी करकरीत माझी कधी झाली नव्हती. काय केलंस?"

वहिनीला सांगता येईना. मला ठाऊक होतं. त्या पांढऱ्याने आंबटपणा खाल्ला, पण जाताना अंगातला थोडा चुना काकड्यांना देऊन गेला होता, आणि चुन्याने काकडी कडक राहते. घोकूने दप्तरातून पुस्तक काढलं आणि ती कारण शोधायला बसली. आजोबांनी कमरेची किल्ली सोडून वहिनीच्या ओल्या हातात दिली. वहिनी रडली आणि हसली, दोन्ही एकदमच.

पांढरा आता पोळपाटाच्या जागी आहे. कणीक लाटायला त्याच्यासारखा थंड, गुळगुळीत गडी नाही. खरखरीत झालेली बाजू खाली केली की झालं. त्याच्या पलीकडे धार लावायचा दगड आहे, तो वाळूच्या कणांचा बनलेला. कोण जाणे, त्यातले काही कण माझ्यासारख्याच कुणाच्या तरी भुकटीतले असतील. उद्या मीही झिजेन, गाळ होईन, थर होऊन दबेन, भूपट्टाबरोबर खोल जाऊन पुन्हा वितळेन आणि कुठल्या तरी फटीतून परत येईन. आमच्यातलं कुणी वाया जात नाही, फक्त वेळ लागतो.

तेव्हा मित्रांनो, रस्त्यातला दगड लाथाडण्याआधी त्याला हातात घ्या, तो कुठून आलाय आणि कोणत्या कामाचा आहे ते विचारा. वहिनी आता कुठलाही नवा दगड आणला की आधी त्याच्यावर लिंबू पिळते. आणि गिऱ्हाइकाने काकडीची तारीफ केली की माझ्याकडे बोट दाखवते.