अभिमनचं डिझेल

१२ एप्रिल १९९४, मंगळवार. दुपारी दोन वाजता अमळनेर तालुक्यातल्या एका मळ्यात जनरेटर सुरू झाला आणि विहिरीचा उपसा लागला. विहिरीच्या तळाशी अभिमन आहे की नाही, हे पाहायचं होतं.

अभिमन शनिवार संध्याकाळपासून बेपत्ता होता. त्याच्या चपला काठावर सापडल्या, शेजारीशेजारी नीट काढून ठेवलेल्या. गळ टाकून पाहिला. तो गाळात अडकून तुटला. गावाची डीपी जळालेली, वीज नव्हती, त्यामुळे विजेच्या पंपासाठी त्याचाच जनरेटर आणावा लागला. टाकीतलं डिझेलही त्यानेच बनवलेलं. शेवटचा ड्रम होता तो.

अभिमन अमळनेरच्या एका तेल गिरणीत कामाला होता. सरकीचं तेल, हॉटेलांत तळून उरलेलं तेल तो गाळून घ्यायचा, त्यात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घालून ढवळायचा, खाली बसलेलं ग्लिसरीन काढून वरचं पातळ तेल पाण्याने धुवायचा. बायोडिझेल हा शब्द त्याने एका प्राध्यापकाकडून ऐकला होता. आधी साध्या डिझेलच्या धुराने त्याच्या आईला, केसरबाईला, खोकल्याची उबळ यायची आणि अंगणात वाळत घातलेल्या कुरडया काळ्या पडायच्या. या इंधनाचा धूर जेमतेम दिसायचा. वास मात्र तळणाचा. लग्नात त्याचा जनरेटर लागला की वऱ्हाडी विचारत, भजी कुठे आहेत?

त्या भागात घरातलं माणूस गेलं की गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक फिटण्याच्या, दिवसापर्यंत चुलीवर कढई चढत नाही. अभिमनच्या बायकोने, कुंदाबाईने, शनिवारपासून फोडणीसुद्धा दिली नव्हती. कुंकू मात्र पुसलं नव्हतं. उलट केसरबाईने रविवारी सकाळीच अंगणातल्या चुलीवर कढई ठेवली आणि पापड-कुरडया तळायला बसली. भेटायला येणाऱ्याच्या हातात ती गरम कुरडई ठेवायची.

"मना अभिमन जित्ता शे. सुतकना घरमा कोनी तळस का?"

मंगळवारी उन्हं कलली तेव्हा विहिरीत कमरेएवढं पाणी उरलं. खाली उतरायला गावातला भाईदास तयार होता. त्याने दोर कमरेला बांधला. अभिमनचा जनरेटरच्या धंद्यातला भागीदार झुलाल याने टाकीत काडी टाकून पाहिली. काडी कोरडी निघाली. जनरेटर चालूच होता.

"झुलालभाऊ, काडी उलटी टाकी का?" भाईदास म्हणाला.

"तुनं डोकं टाक. रिकामी टाकीमा मावी जाई."

झुलालने डिझेलचा पाइप सोडून पाहिला. थेंब आला नाही. असं होऊ शकतं, हे त्याला माहीत होतं. इंधन झिरपून खालच्या ऑइलमध्ये मिसळतं आणि इंजिन तेच प्यायला लागतं. पण तसं झालं तर इंजिन बेफाम धावतं, आवरत नाही. हे तर एका लयीत चालत होतं. मधूनच मंद व्हायचं आणि पुन्हा जोर धरायचं.

हवा कोंडून ते बंद करावं म्हणून झुलाल गोणपाट आणायला घराकडे गेला. केसरबाई चुलीपाशी होती. ताटात कुरडया मोजक्या आणि शेजारी तेलाचा डबा जवळजवळ रिकामा.

"अक्का, इतलं तेल कुठे गयं?"

"टिकत नही, भाऊ. कढईमा वती वती दमनू."

बोलता बोलता कढईतलं तेल तळाला गेलं. विहिरीकडून येणारा आवाज मंद झाला. केसरबाईने डबा कलता केला. आवाज उचलला.

झुलाल गोणपाट हातात घेऊन उभाच राहिला. दारात उभ्या कुंदाबाईनेही तो आवाज ऐकला होता.

"भाऊ, बंद नका करा," ती म्हणाली. "माले तळ देखना शे. मी कुंकू लावू का पुसू, कोनी सांगी का माले?"

केसरबाईने विचारलं, "पानी कितलं शे?"

"आता गुडघाभर व्हई," झुलाल म्हणाला.

कढईत तेल होतं.  केसरबाईने पदराने कढईचे दोन्ही कान धरले आणि ती चुलीवरून उतरवली.

जनरेटर थांबला. पाइपमधलं पाणी गुळगुळ करत विहिरीत परतलं. भाईदास विहिरीत अर्ध्यापर्यंत उतरला होता. त्याला वर ओढलं. काय दिसलं, असं सगळ्यांनी विचारलं. पाणी, एवढंच तो म्हणाला आणि दोर तिथेच टाकून घरी गेला.

शुक्रवार सकाळपर्यंतची स्थिती अशी आहे. विहीर पूर्वीच्या खुणेपर्यंत भरली आहे. डीपी बदललेली नाही. केसरबाईने कढई पालथी घातली आहे. आपण सुतक धरलेलं नाही, असं ती सांगते. कुंदाबाई रोज झुलालकडे जाऊन जनरेटर चालू करा म्हणते. टाकी रिकामी आहे हे दाखवण्यासाठी आज त्याने तिच्यासमोर काडी टाकली. काडी अर्ध्यापर्यंत ओली निघाली. टोकाला कुरडईचा तुकडा चिकटला होता.

कुंदाबाईने घरी येऊन कढई सुलटी करून चुलीवर ठेवली. चूल पेटलेली नाही. केसरबाई शेजारी बसली आहे आणि काड्यापेटी तिच्या मुठीत आहे.