तांबड्या थराचं काँक्रीट

लांज्याजवळच्या काळ्या दगडाच्या खाणीत दोन थरांच्या मध्ये हातभर जाडीचा तांबड्या मातीचा पट्टा लागतो. लाव्हाच्या दोन लोटांमधल्या काळातली ती माती. खडीवाले ती उकरून फेकून देतात. रत्नागिरीच्या तंत्रनिकेतनात शिकवणाऱ्या अक्षया साळवीने तिच्या चार गोणी आणल्या, माती भट्टीत भाजली, मैद्यासारखी दळली आणि काँक्रीटमधलं पाचवा हिस्सा सिमेंट कमी करून तिथे ती घातली. खाऱ्या पाण्यात असं काँक्रीट जास्त टिकेल, असं तिला वाटत होतं.

नाटे गावच्या बंदरावरच्या पायऱ्या खाऱ्या पाण्याने फुटल्या होत्या, सळ्या बाहेर आल्या होत्या. मासे विकणाऱ्या बायकांची पुढारी सखू आणि गवंडी विठू, दोघंही अक्षयाचं काँक्रीट वापरून बघायला तयार झाली. "पण आधी चाचणी," अक्षया म्हणाली.

तिने दोन्ही प्रकारच्या काँक्रीटचे ठोकळे ओतले आणि सातव्या दिवशी प्रयोगशाळेतल्या यंत्रात दाबून फोडले. साध्या सिमेंटचे बराच दाब सोसून टिकले. तिचे लवकर फुटले. तिचं तोंड उतरलं. तरी दुसऱ्याच दिवशी ती नाट्याला गेली आणि आकडे होते तसे सांगितले.

"म्हणजे नाही जमलं?" विठूने विचारलं.

"ही माती सावकाश धरते, काका. अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा ठोकळे फोडते. तेव्हाही कमी भरलं तर साधंच सिमेंट घालायचं."

सखू फुटक्या पायरीवर बसून ऐकत होती. "इतकी वर्षं घसरतोच आहोत, बाय. आणखी तीन आठवडे घसरू."

अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्राचा काटा चढत गेला तशी अक्षया खुर्चीवरून उठून उभी राहिली. ठोकळा साध्या ठोकळ्याच्या जवळपास बरोबरीला येऊन फुटला. तिने तिथूनच विठूला फोन लावला.

पायऱ्या ओतल्या. ओल्या काँक्रीटला आधार दिलेल्या फळ्या नेहमीपेक्षा आठवडाभर उशिरा काढायच्या होत्या आणि तोवर सखूने कुणाला पाय ठेवू दिला नाही. तिच्या स्वतःच्या भावालाही तिने गुडघाभर चिखलातून चढायला लावलं.

दीड वर्षाने अक्षया पायऱ्या बघायला आली. विठूने कडेला हातोडी मारून बघितली. कुठे तडा नव्हता, गंजाचा डाग नव्हता. शेजारी त्याच वेळी डागडुजीला साधं काँक्रीट ओतलेला कोपरा मात्र पोपडे धरू लागला होता. अक्षया खाली बसून त्या दोन्हींवरून हात फिरवत राहिली.

"बाय, उठ आता," मागून सखू ओरडली. "होडी लागलीय, आम्हाला उतरू दे."